पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहू की नको?

सोलापुरी_चटणी | ५ मार्च २०२३

मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही ९ वर्षं झाली ऑक्सफर्ड आणि रीडिंगच्या मधल्या एका खेड्यात राहतो. खेडं म्हणजे एक पब, एक चर्च, एक दुकान त्यातच पोस्ट, आणि बस तासाला एक, तीपण आली तर. ४ मेला डिस्ट्रिक्ट कौन्सिलची निवडणूक आहे आणि त्याच दिवशी आमच्या पॅरिश कौन्सिलचीही (आपली ग्रामपंचायत म्हणा), ९ जागा.

तर झालंय असं की शाळेच्या रस्त्यावरचा फुटपाथ मधेच संपतो, म्हणजे पुढे ४० पावलं पोरं सरळ गाड्यांच्या रस्त्यावरून चालतात. तीन वर्षं मी त्यासाठी पॅरिशच्या मीटिंगला जातेय. सुरुवातीला पब्लिकला बोलायला वेळ असतो त्यात मी बोलते, सगळे माना डोलावतात, क्लार्कबाई लिहून घेतात, बिस्किटं खातो आणि घरी येतो. गेल्या वेळी मीटिंग संपल्यावर खुर्च्या आवरताना क्लार्कबाई हळूच म्हणाल्या की एक मेंबर या वेळी उभे राहणार नाहीयेत, तूच का नाही फॉर्म भरत. नवरा म्हणतोय नसती उठाठेव, तुला ऑफिस कमी आहे का. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, आयएलआर (इथे कायमचं राहायची परवानगी) आहे. चालतं का असं? कोणी केलंय का हे?

वसईची_केळी | ५ मार्च २०२३

आधी मला हे सांगा यात चर्चचा काही संबंध असतो का? आमच्याकडे वसईत पॅरिश म्हणजे धर्मग्राम, आणि तिथे फादर म्हणतील ती पूर्व दिशा. इथे आले तेव्हा घरी पत्र आलं की तुमच्या कौन्सिल टॅक्समध्ये (इथली घरपट्टी) पॅरिशचे इतके पौंड, मी म्हटलं अरे वा चर्चची वर्गणी डायरेक्ट सरकारच वसूल करतं की काय, माझ्या शेजारच्या हिंदू लोकांकडून पण 😀

टेम्सकाठचा_बगळा | ५ मार्च २०२३

केळी, तुमचा गोंधळ चुकीचा नाही, जुन्या काळी तसंच होतं. गावाचा कारभार चर्चच्या बैठकीतच चालायचा. १८९४ च्या कायद्याने तो तोडला, गावकीची कामं निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे गेली आणि चर्चचं चर्चकडे राहिलं. नाव तेवढं चिकटलं. आज इंग्लंडभर अशी साधारण दहा हजार कौन्सिलं आहेत, कोणी स्वतःला पॅरिश म्हणवतं कोणी टाउन, टाउन म्हटलं की अध्यक्षाला मेयर म्हणता येतं आणि गळ्यात साखळी घालता येते, बाकी अधिकार तेच. सगळीकडे असतातच असंही नाही. रीडिंग शहरात पॅरिशच नाही, पण हद्द ओलांडून अर्ली किंवा वुडलीला गेलात की टाउन कौन्सिल आहे, आणि तिथे आपली माणसं पण भरपूर. मिल्टन कीन्स तर पूर्ण पॅरिशांमध्ये वाटलेलं आहे. लंडनमध्ये कितीतरी वर्षं कायद्यानेच बंदी होती, ती उठल्यावर २०१४ ला क्वीन्स पार्कला पहिलं झालं.

चटणीताई, तुमचं काम होईल. मी एका टाउन कौन्सिलवर सहा वर्षं आहे म्हणून सांगतो. तुम्ही कॉमनवेल्थ नागरिक, आयएलआर आहे, वय १८ च्या वर, मग उभं राहता येतं. वरून चारपैकी एक अट लागते, गावच्या मतदार यादीत नाव असणं, किंवा गेलं वर्षभर गावात जागा मालकीची वा भाड्याने असणं, किंवा वर्षभर मुख्य नोकरी गावात असणं, किंवा वर्षभर गावात किंवा गावापासून ३ मैलांच्या आत राहत असणं. ही ३ मैलांची सोय फक्त पॅरिशला आहे, डिस्ट्रिक्टला नाही. डिपॉझिट शून्य. गावातले दोन मतदार सूचक अनुमोदक म्हणून पाहिजेत. पगार वगैरे विसरा.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो. फुटपाथ पॅरिशच्या हातात नाही, तो काउंटी कौन्सिलचा, म्हणजे डिस्ट्रिक्टच्याही वरच्या कौन्सिलचा. पॅरिशकडे बाकडी, बसस्टॉपची शेड, खेळायचं मैदान, अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने देतात ते जमिनीचे तुकडे), कुठे दफनभूमी, कुठे रस्त्याचे दिवे. घरबांधणीच्या अर्जांवर मत मागतात, ऐकलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे निवडून आलात तरी तुम्ही काउंटीला पत्रच लिहिणार आहात, फक्त लेटरहेड वेगळं.

नवीन_पाखरू | ६ मार्च २०२३

मी लेस्टरला आहे स्किल्ड वर्कर व्हिसावर, मला पण करता येईल का? आणि मतदान?

टेम्सकाठचा_बगळा | ६ मार्च २०२३

उभं राहायला नाही, त्याला आयएलआर लागतो. मतदान मात्र आत्ताही करू शकता, भारतीय पासपोर्ट आणि कुठलाही वैध व्हिसा, स्टुडंट असला तरी. नाव नोंदवा. लोकांना हे माहीतच नसतं, दहा दहा वर्षं राहतात आणि नोंदणीचं पत्र जंक समजून फेकून देतात. आणि या मे पासून इंग्लंडभर फोटो आयडी लागणार आहे, पहिल्यांदाच, भारतीय पासपोर्ट चालतो.

कार्डिफचा_कोकणी | ६ मार्च २०२३

वेल्समध्ये आमचं वेगळं हां. इथे पॅरिश नाही कम्युनिटी कौन्सिल म्हणतात, १६ वर्षांच्या पोरांना पण मत आहे, आणि कौन्सिलच्या निवडणुकीला फोटो आयडी मागत नाहीत. बास, एवढंच, मिरवून घेतलं.

पुणेरी_पाटी | ६ मार्च २०२३

पॅरिश कौन्सिल म्हटलं की मला तो हँडफोर्थच्या पॅरिश कौन्सिलचा झूमवाला व्हिडिओच आठवतो. जॅकी वीव्हर बाई एकेकाला मीटिंगबाहेर काढतायत आणि तो माणूस ओरडतोय की तुला इथे काही अधिकार नाही. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अगदी अशीच असते, फक्त म्यूटचं बटण नसतं.

अण्णा_कोल्हापुरी | ७ मार्च २०२३

वाचून मजा वाटली. डिपॉझिट नाही, चिन्ह नाही, जातीचा दाखला नाही, व्हॅलिडिटी नाही, घरात संडास असल्याचा पुरावा नाही, तिसरं पोरगं झालं म्हणून अपात्र नाही. आमच्याकडं ग्रामपंचायतीचा फॉर्म भरायचा तर आठ दिवस तालुक्याला हेलपाटे. ताई तुम्ही भरून टाका. पण मला एक सांगा, पॅनेल कुठलं? पॅनेलशिवाय कसं काय निवडून येणार तुम्ही?

सोलापुरी_चटणी | ७ मार्च २०२३

अण्णा, पॅनेल म्हणजे मी आणि माझी कुत्री.

सोलापुरी_चटणी | २९ मार्च २०२३

अपडेट. फॉर्म भरला, अजून दिला नाही. नावाने घोळ घातला. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मतदार यादीत मधलं नाव गायब. गावात सगळे मला घरच्या नावाने ओळखतात. मग कळलं की फॉर्मवर रोज वापरातलं नाव लिहायला वेगळा रकाना आहे, तो वाचल्यावर जीव भांड्यात पडला. सूचक म्हणून शेजारच्या आजी, ८३ वर्षांच्या. त्यांनी त्यांचा यादीतला नंबर शोधायला सगळं कपाट उपसलं, तो कपाटात नसतोच, यादीत बघायचा असतो, पण त्या निमित्ताने १९७४ चे फोटो बघून झाले आणि चहा दोनदा. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या वर्णनाला सहा शब्द मिळतात. नवरा म्हणाला लिही ‘फुटपाथवाली बाई’. मी रिकामंच सोडलंय.

टेम्सकाठचा_बगळा | २९ मार्च २०२३

पोस्टाने पाठवू नका, स्वतः जाऊन द्या, मुदत ४ एप्रिल दुपारी ४. चार म्हणजे चार, ४ वाजून १ मिनिट झालं की रिटर्निंग ऑफिसर सख्खा भाऊ असला तरी घेणार नाही. आणि आधी अनौपचारिक तपासून घ्या म्हणावं, करतात ते. संमतीपत्रावर साक्षीदाराची सही विसरू नका, निम्मे फॉर्म तिथे लटकतात.

सोलापुरी_चटणी | ५ एप्रिल २०२३

फॉर्म वैध. यादी लागली. जागा ९, नावं १०.

म्हणजे निवडणूक होणार!! आमच्या गावात किती वर्षांनी ते कोणाला धड आठवत नाहीये. नेहमी ९ किंवा कमीच फॉर्म येतात, तेच लोक बिनविरोध, कमी पडले तर नंतर कोणाला तरी विचारून घेतात. या वेळी जे काका उभे राहणार नव्हते त्यांनी सोमवारी विचार बदलला. कोणी तरी बदलायला लावला असं दुकानात बोलतायत, खरं खोटं माहीत नाही.

आणि काल दुकानात दूध घ्यायला गेले तर एक बाई, नेहमी गोड बोलणाऱ्या, म्हणाल्या की अच्छा तूच का ती, जिच्यामुळे गावाला हजारो पौंडांचा भुर्दंड बसणार. आधी मला वाटलं थट्टा चाललीय. नव्हती. मग त्यांनी समजावलं, निवडणुकीचा खर्च पॅरिशच्या गळ्यात येतो, तो पुढच्या वर्षी आपल्याच कौन्सिल टॅक्समध्ये चढणार, आणि सगळे गुण्यागोविंदाने काम करत असताना हे कशाला. घरी येईपर्यंत माझ्या हातातलं दूध गरम झालं असेल.

मला सांगा, मी चुकले का?

वसईची_केळी | ५ एप्रिल २०२३

ती बाई गेली खड्ड्यात. (खड्डे पण काउंटीचेच ना बगळेकाका?)

टेम्सकाठचा_बगळा | ५ एप्रिल २०२३

काउंटीचेच.

बाईंचं सगळंच खोटं नाही. डिस्ट्रिक्टबरोबर एकाच दिवशी झाली की खर्च वाटला जातो त्यामुळे हजारो वगैरे बहुधा फुगवलेला आकडा आहे, एकट्याने पोटनिवडणूक घेतली तर मात्र छोट्या गावाला ते खरंच जड जातं. माझ्या कौन्सिलमध्ये आम्ही दर वर्षी थोडे थोडे निवडणुकीसाठी बाजूला टाकतो. ज्या कौन्सिलने चार वर्षांत ते टाकलं नाही तिने दहावा उमेदवार येणारच नाही असं धरूनच चाललं होतं की. आता दोष दहाव्याचा कसा?

अण्णा_कोल्हापुरी | ६ एप्रिल २०२३

ताई हे वाचून मला एकदम गावाकडं आल्यासारखं वाटलं. इकडं हेच असतं फक्त आवाज मोठा. फॉर्म माघारीच्या दिवशी घरी दहा जण येऊन बसतात, गावात एकी राहू दे, खर्च कशाला, बिनविरोध झालं की गावाला बक्षीस मिळतंय, तुझ्या पोराला पुढच्या टर्मला घेऊ. पाया पडतात, चहा पितात, आणि तू नाही म्हटलास की तू फुटीर. आणि त्या एकीच्या पोटात काय असतं ते नाशिकच्या उमराण्याला आणि नंदुरबारच्या खोंडामळीला दिसलं की, तिथं पदाचा चक्क लिलाव झाला, राज्य निवडणूक आयोगानं २०२१ च्या जानेवारीत दोन्ही निवडणुका रद्द केल्या. तुमच्याकडं लिलाव नसंल, बिस्किटं असतील. पण दहावा आला की पोटात दुखतंय हे दोन्हीकडं सेम. मागं घेऊ नका.

टेम्सकाठचा_बगळा | ६ एप्रिल २०२३

मागे घेताच येत नाही आता. माघारीची मुदतही ४ तारखेला ४ वाजताच संपली.

अण्णा_कोल्हापुरी | ६ एप्रिल २०२३

हे बेस्ट आहे राव. म्हणजे घरी येऊन बसायला वेळच नाही कुणाला 😂

पुणेरी_पाटी | ६ एप्रिल २०२३

अण्णा, दोन्हीत फरक आहे हो. इथे कोणी उभं राहत नाही कारण कोणाला नकोच असतं ते काम. महिन्यातली एक संध्याकाळ कुत्र्यांच्या घाणीच्या डब्यावर चर्चा, फुकटात, वर फेसबुक ग्रुपवर शिव्या. जे नऊ जण वर्षानुवर्षं करतायत त्यांना जरा सहानुभूती दाखवा की. मी त्या दुकानातल्या बाईंच्या बाजूने नाही, पण नऊ लोक सापडणं हेच मुश्किल असतं तिथे दहावा आला की गोंधळ होणारच.

सोलापुरी_चटणी | ६ एप्रिल २०२३

पाटी, सहानुभूती आहेच हो, त्यातल्या चौघांना तर मी स्वतः मत देणार आहे.

टेम्सकाठचा_बगळा | ६ एप्रिल २०२३

थांबा. इथेच लोक फसतात. प्रत्येक मतदाराला नऊपर्यंत मतं आहेत, नऊ दिलीच पाहिजेत असं नाही. तुमच्या माणसाने तुम्हाला एक मत दिलं आणि बाकी आठ इतरांना, तर त्याने तुमच्या आठ स्पर्धकांना पण पुढे ढकललं. दहात नऊ येणार म्हणजे पडणार फक्त एक, तिथे हेच महत्त्वाचं. जवळच्या लोकांना सांगा फक्त तुम्हालाच द्या. कायद्यात पूर्ण बसतं.

सोलापुरी_चटणी | ६ एप्रिल २०२३

काका ते मला जमणार नाही. शेजारच्या आजींना कसं सांगू की तुमच्या ब्रिजच्या पार्टनरला मत देऊ नका.

सोलापुरी_चटणी | १६ एप्रिल २०२३

पत्रकं वाटून झाली, ६२० घरं, तीन रविवार. घरीच छापली, खाली छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव पत्ता टाकला (थँक्यू बगळेकाका, नाहीतर राहिलंच असतं). इथल्या दारांच्या पत्रपेट्या म्हणजे एक एक संकट आहे. स्प्रिंग इतकी कडक की बोट चेमटतं, आत ब्रश, आणि ब्रशच्या पलीकडे आवाज न करता वाट बघणारा कुत्रा. दुसऱ्या रविवारी घरून लाकडी कालथा नेला, पत्रक त्याच्यावर गुंडाळून आत सारायचं. तो कालथा आता परत धिरड्याला वापरता येणार नाही, दातांचे ठसे आहेत.

एका घरी आजोबा म्हणाले ४० वर्षं राहतोय, पॅरिशच्या निवडणुकीसाठी दारात आलेली तू पहिली. एका घरी दार उघडून सरळ विचारलं, तू नक्की कुठली? मी म्हटलं नंबर १४, पोस्टाच्या मागची.

नवीन_पाखरू | १७ एप्रिल २०२३

शेवटच्या दिवशी का होईना, नाव नोंदवलं आज!! पाच मिनिटं लागली फक्त

सोलापुरी_चटणी | ४ मे २०२३

मतदान करून आले. व्हिलेज हॉलमध्ये शनिवारच्या राज्याभिषेकासाठी लाल पांढऱ्या निळ्या पताका आधीच लावलेल्या, त्यामुळे सगळं लग्नाच्या हॉलसारखं. सकाळी ७ ते रात्री १०. दोन कागद, एक डिस्ट्रिक्टचा, एक पॅरिशचा, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. शाई नाही बोटाला, चुकल्याचुकल्यासारखं होतं. पासपोर्ट दाखवला, तिथल्या बाईंनी अशोकस्तंभाकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नाव उच्चारायचा मनापासून प्रयत्न केला. नावं आडनावाच्या एबीसीडीप्रमाणे, माझं डब्ल्यूने सुरू होतं म्हणून सगळ्यात खाली, पेन्सिलची दोरी तिथपर्यंत जेमतेम पोचते.

पुणेरी_पाटी | ४ मे २०२३

पुढच्या वेळी एखाद्या आपट्यांना उभं करा. वाघ वैद्यांचं काही खरं नाही या देशात.

सोलापुरी_चटणी | ५ मे २०२३

पडले. ७ मतांनी.

दहापैकी दहावी. मला २११, नवव्याला २१८. नववे म्हणजे तेच काका, ज्यांनी विचार बदलला. मोजणी स्पोर्ट्स सेंटरच्या बॅडमिंटन कोर्टवर, आधी डिस्ट्रिक्टची, आमचा नंबर दुपारी. एका कागदावर नऊपर्यंत फुल्या म्हणून नुसत्या गठ्ठ्या करता येत नाहीत, एक जण नावं वाचतो, दुसरा तक्त्यावर रेघा मारतो, पाच झाल्या की आडवी. मी टेबलाच्या पलीकडून बघत होते. कागदांमागून कागद असे, की नऊच्या नऊ मतं दिलेली. माझ्यापुढे फुली, आणि त्या काकांपुढे पण. शेजारच्या आजींनी नंतर सांगितलं, मी तुझं ऐकून सगळ्यांना दिलं हं, तूच म्हणाली होतीस ना की सगळी वापरा. फेरमोजणी मागितली, सातच राहिले.

काकांनी हात मिळवला. दुकानातल्या बाई दिसल्या नाहीत.

टेम्सकाठचा_बगळा | ५ मे २०२३

काही बोलत नाही. २११ ही मतं गावात कमी नाहीत. खर्चाचा हिशोब द्यायला विसरू नका, पडलेल्यालाही द्यावा लागतो, शून्य असला तरी.

अण्णा_कोल्हापुरी | ५ मे २०२३

सात! सारखी पडली असती तर चिठ्ठी काढली असती काय तिकडं? २०१७ ला मुंबई महापालिकेत २२० नंबरच्या वॉर्डात झालं होतं तसं.

टेम्सकाठचा_बगळा | ५ मे २०२३

हो, चिठ्ठीच. किंवा कसलाही सोडतीचा प्रकार, रिटर्निंग ऑफिसर ठरवतो.

सोलापुरी_चटणी | २४ सप्टेंबर २०२३

धागा वर आणतेय. एक मेंबर डेव्हनला राहायला गेले, राजीनामा. बोर्डावर नोटीस लागली होती, १४ दिवसांत (शनिवार रविवार सोडून) दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाहीतर कौन्सिल स्वतः कोणाला तरी घेणार. मुदत शुक्रवारी संपली, कोणीच मागणी केली नाही. काल क्लार्कबाईंचा ईमेल, अर्ज करशील का.

अण्णा_कोल्हापुरी | २४ सप्टेंबर २०२३

आता विचारताय? दहा सह्या गोळा करायच्या होत्या की! २११ होते तुमच्याकडं! मागल्या दारानं कशाला जायचं?

वसईची_केळी | २४ सप्टेंबर २०२३

मागलं दार काय, पोर पण त्याच रस्त्याने चालतंय ना. जा गं तू.

सोलापुरी_चटणी | २४ सप्टेंबर २०२३

अण्णा, खोटं कशाला सांगू, दहा सह्यांचा कागद तयार होता. आजींनी पहिली सही पण केली होती. मग वाटलं डिस्ट्रिक्टच्या खांद्यावर नाही, एकट्याची निवडणूक, या वेळी खरंच हजारो लागतील, आणि पुन्हा दुकानात तेच ऐकायचं. कागद ड्रॉवरमध्येच राहिला. ते बरोबर केलं का ते अजून ठरत नाहीये माझं.

टेम्सकाठचा_बगळा | २४ सप्टेंबर २०२३

अर्ज करा.

सोलापुरी_चटणी | १२ ऑक्टोबर २०२३

दोन अर्ज होते. दोघांनाही बाहेर न काढता तिथेच बसवून हात वर करून मतदान घेतलं, ५ विरुद्ध ३. माझ्या बाजूने पहिला हात त्या नवव्या काकांचा. पद स्वीकारल्याच्या कागदावर सही केली, हितसंबंधांचा फॉर्म २८ दिवसांत द्यायचाय (घर, नोकरी, नवऱ्याचं पण सगळं). मग अजेंडा. खेळण्याच्या मैदानाचं फाटक करकरतं, २० मिनिटं. अलॉटमेंटमध्ये कोंबड्या पाळायच्या का, २५ मिनिटं. फुटपाथ, ३ मिनिटं, ठरलं की काउंटीला पत्र पाठवायचं, आणि मसुदा कोण करणार म्हटल्यावर आठही जण माझ्याकडे बघायला लागले.

काउंटीच्या हायवे विभागाला कोणी असं पत्र लिहिलं असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोजमापं माझ्याकडे आहेत, रविवारी टेप घेऊन गेले होते. ३१ मीटर.